मिरवणुकीचा दोर

सुशीलाबाई : आधी तो मास्क हनुवटीवरून नाकावर घ्या. मग हुकूम वाचा.

अभिनव : आजी, बाजूला व्हा. ट्रकमधून पत्रे उतरवायचेत.

सुशीलाबाई : आजी मी हिची. तुमच्यासाठी सिस्टर. चौतीस वर्षं महापालिकेच्या दवाखान्यात काढलीत. स्वाइन फ्लूच्या साली ह्याच विश्रांतवाडीत रांगेच्या तोंडाशी उभी होते, तेव्हा तुम्ही शाळेत असाल. मास्क.

अभिनव : घेतला. आता वाचू?

सुशीलाबाई : वाचा. मोठ्याने वाचा, सगळे दारात उभे आहेत.

अभिनव : ‘धम्मदीप वसाहत, घरे एकशे बारा. येथे एक बाधित रुग्ण आढळल्याने सदर वसाहत चौदा दिवसांसाठी प्रतिबंधित क्षेत्र घोषित करण्यात येत आहे. सीमेवर अडथळे उभारून एकच नियंत्रित वाट ठेवावी.’ साथरोग कायद्यानुसार. खाली सही, शिक्का.

मैत्री : सर, वन मिनिट. हा कायदा कधीचा आहे माहितीये? एटीन नाइंटी-सेव्हन. प्लेगच्या वेळचा. मी आत्ताच गूगल केलं.

अभिनव : मॅडम, कायदा जुना असला म्हणून रोग जुना होत नाही.

सुशीलाबाई : हे बरोबर बोललात. मैत्री, तू जरा थांब. साहेब, ही माझी नात. हिंजवडीच्या कंपनीत आहे. सध्या कंपनी विहाराच्या पायरीवर भरते, कारण रेंज तिथेच येते. तुम्ही मूळचे कोण?

अभिनव : अभिनव. वॉर्ड ऑफिसात कनिष्ठ अभियंता. रस्ते विभाग. माझं खरं काम खड्डे बुजवायचं.

सुशीलाबाई : असं होय. ते काम चालू असतं हे आम्हाला कोणी कळवलं नव्हतं.

अभिनव : सिस्टर, नऊ दिवसांत ही माझी अकरावी गल्ली आहे. दहा ठिकाणी शिव्या खाल्ल्यात. तुम्हीही द्या, पण पत्रे लावू द्या.

सुशीलाबाई : शिव्या कशाला देऊ? बंद करायला माझी ना नाही. सरकारने बंद करायलाच हवं. ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं, तर अर्धी वस्ती उद्या कात्रजला बहिणीकडे जाईल आणि अर्धी वारज्याला मेहुण्याकडे. बंद करा. फक्त पत्रे नकोत.

अभिनव : पत्रे का नकोत?

सुशीलाबाई : आमच्या सोनबाला ताप कधी आला?

अभिनव : कागदावर पाच एप्रिल आहे.

सुशीलाबाई : कागदावर. अंगात एक तारखेपासून होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस, चार दिवस गोधडी पांघरून पडला, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या मला कळू दिलं नाही. का? पलीकडच्या गल्लीला पत्रे ठोकलेले त्याने बघितले होते. म्हणाला, माझ्यापायी सगळे कोंडले गेले तर तोंड कुठे दाखवू. आज तुम्ही इथे पत्रे ठोका, उद्या ज्याला ताप येईल तोही गोधडी ओढून घेईल. पत्र्याने माणूस आत राहतो, साहेब, पण ताप पण आतच राहतो.

मैत्री : आणि शकूताई आहे, सर. ती बघा, तिसऱ्या दारात खुर्चीवर. नववा महिना. गल्लीचं तोंड आठ फूट. पत्रे ठोकले तर अॅम्ब्युलन्स कुठून येणार?

अभिनव : नियंत्रण कक्षाला फोन करायचा, परवानगी मिळते.

मैत्री : मी काल ट्राय केलं. अख्खं पुणे त्या एका नंबरवर आहे. चाळीस मिनिटं होल्डवर होते. बाळ होल्डवर राहत नाही, सर.

अभिनव : मग मी करू काय? हुकूम खिशात घालून परत जाऊ?

सुशीलाबाई : परत जाऊ नका. मैत्री, तुझ्या बापाला म्हणावं दोर आण.

मैत्री : पप्पा विहारातच आहेत. निघाले.

अभिनव : कसला दोर?

सुशीलाबाई : मिरवणुकीचा. चौदा एप्रिलला आमच्या वस्तीची मिरवणूक चौकापर्यंत जाते. बाबासाहेबांच्या प्रतिमेची गाडी, मागेपुढे दोन हजार माणसं, लेझीम, कडेवर पोरं. गाडीभोवती दोर असतो आणि तो धरायला आमचेच वीस जण. त्यांचा प्रमुख माझा मुलगा, रामदास. हे सव्विसावं वर्ष. चौकीत विचारा, एकदा तरी कोणी तो दोर ओलांडलाय का. यंदा मिरवणूक नाही. दोर पेटीत पडून आहे.

अभिनव : सिस्टर, दोर म्हणजे पत्रा नव्हे.

सुशीलाबाई : नाहीच. पत्रा तुमचा आहे. दोर आमचा आहे.

अभिनव : आणि तो सांभाळणार कोण?

मैत्री : रोस्टर रेडी आहे, सर. वीस जण, चार-चार तासांच्या शिफ्ट. गल्लीच्या तोंडाशी दोन, मागे ओढ्याकडे दोन. भाजी, दूध, गोळ्या दोराबाहेर ठेवायच्या, आतला माणूस उचलणार. एकशे बारा घरांची शीट केलीये, सकाळ-संध्याकाळ ताप भरायचा. तुम्हाला अॅक्सेस देते. एडिट नाही, फक्त बघायचा.

सुशीलाबाई : आणि ज्याच्या घरात ताप निघेल, त्याने दारावर निळा झेंडा लावायचा.

अभिनव : झेंडा?

सुशीलाबाई : जयंतीचे झेंडे आहेत पेटीभर. ताप सांगायला लोक लाजतात. दारावर लाल खूण केली तर आणखी लाजतील. आमच्याकडे निळा झेंडा लावायला कोणी लाजत नाही. सांगितलं ह्याचा मान, म्हणून झेंडा. तुम्हालाही बाहेरून दिसेल, आत यायला नको.

अभिनव : साहेबांना काय सांगू?

सुशीलाबाई : हुकमात पत्रे लिहिलेत का?

अभिनव : नाही. अडथळे लिहिलंय. कसले, ते जागेवर ठरवायचं माझ्यावर आहे.

सुशीलाबाई : मग ठरवा. हातात अधिकार आला की सगळेच तो पुरता वापरून बघतात. कमीत कमी कितीवर भागेल हे बघायला जास्त धीर लागतो.

अभिनव : उद्या इथे दहा रुग्ण निघाले तर माझी नोकरी जाईल.

सुशीलाबाई : तुमची नोकरी जाईल, आमची माणसं जातील. दोर कोण जास्त जपून धरेल, तुम्हीच सांगा.

अभिनव : ...ठीक. ट्रक परत नाही जाणार. कोपऱ्यावर उभा राहील, पत्र्यांसकट. एक माणूस, एकदा जरी दोराबाहेर गेला, तर तासाभरात पत्रे. मग मावशी, सिस्टर, नववा महिना, काही ऐकणार नाही.

सुशीलाबाई : मंजूर. वेळ लिहा. नऊ एप्रिल, संध्याकाळचे सहा. चौदा दिवस तिथून मोजायचे.

अभिनव : लिहिली.

सुशीलाबाई : आता दोर लागतोय. तुम्ही आतल्या बाजूला उभे आहात. बाहेर व्हा.

अभिनव : मी अधिकारी आहे, सिस्टर.

सुशीलाबाई : दिसतंय. बाहेर व्हा.

*

अभिनव : हॅलो, सिस्टर? काय झालंय तिकडे? चौकीतून फोन आला. प्रत्येक दारावर निळा झेंडा आहे म्हणे. एकशे बारा घरांत ताप?

सुशीलाबाई : आज तारीख काय?

अभिनव : चौदा.

सुशीलाबाई : महिना?

अभिनव : एप्रि... अरे देवा.

सुशीलाबाई : मिरवणूक नाही, लेझीम नाही, निदान झेंडा तरी लावू दे म्हणाले लोक. ताप कोणाला नाही. परवा दोन खरे झेंडे लागले होते, ती दोन्ही घरं साध्या सर्दीची निघाली. तपासणीचे कागद मैत्रीने तुम्हाला पाठवलेत.

अभिनव : मी तर ट्रकवाल्याला फोन लावणार होतो. जय भीम, सिस्टर. जयंतीच्या शुभेच्छा.

सुशीलाबाई : जय भीम. ट्रकवाल्याला इतक्यात सोडू नका. मीच तुम्हाला फोन करणार होते. ट्रक अजून कोपऱ्यावर आहे का?

अभिनव : आहे. का?

सुशीलाबाई : आज पहाटे साडेपाचला एक माणूस दोराबाहेर गेला होता.

अभिनव : कोण?

सुशीलाबाई : माझा मुलगा.

अभिनव : रामदासकाका? दोर तर त्यांनीच बांधला.

सुशीलाबाई : त्यानेच. सकाळी उठून बघते तर माझ्या कुंडीतल्या मोगऱ्यावर एक कळी नाही. ह्या घरात माझ्या मोगऱ्याला हात लावायची कोणाची छाती नाही. मी रामदासकडे बघितलं. तो माझ्याकडे बघेना.

मैत्री : सर, मैत्री बोलतेय, फोन स्पीकरवर आहे. पप्पा चौकात पुतळ्याला हार घालायला गेले होते. दरवर्षी वस्तीचा पहिला हार त्यांच्या हातचा असतो. फुलांची दुकानं बंद, म्हणून आजीचा मोगरा. लिटरली दहा मिनिटं, सर. मास्क होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शिफ्टवर त्यांचाच दोस्त होता, त्याने दोर वर धरला. कोणालाच कळलं नसतं.

सुशीलाबाई : मला कळलं ना.

अभिनव : ते स्वतः काय म्हणतात?

सुशीलाबाई : म्हणतो, आई, दोर आहे हे माझ्या मनातच आलं नाही. आणि तो खोटं बोलत नाही. सव्वीस वर्षं दोर धरतोय. दोर धरणारा नेहमी दोराच्या बाहेरून चालतो. त्याला आपलं वाटत आलं, दोर असतो तो लोकांसाठी.

अभिनव : सिस्टर, एक सांगू? मी हे ऐकलंच नाही असं समजू. हार घालायला गेले, दारू आणायला नाही. आज चौदा एप्रिल. माझ्याकडून माफ.

सुशीलाबाई : तुम्ही कोण माफ करणारे? काल आमच्या गल्लीतल्या सोजरबाईच्या सुनेची आई वारली, येरवड्यात, इथून दोन किलोमीटरवर. ती पोरगी दोरापाशी येऊन बसली, तिथे बसून रडली आणि परत घरात गेली. तिने ओलांडला नाही. आता तिला काय सांगू? सिस्टरच्या मुलाला चालतं? ज्या दिवशी असं होईल, त्या दिवशी तो दोर कपडे वाळत घालायच्या कामाचा.

अभिनव : मग काय करू? बोलल्याप्रमाणे पत्रे ठोकू? अख्ख्या वस्तीला? शकूताईंचं काय?

मैत्री : आजी, प्लीज. काहीतरी बोल.

सुशीलाबाई : बोलते. जरा दम घेऊ द्या. मला सकाळपासून त्याचा राग येतोय आणि त्याच्याकडे बघवतही नाही. चहा पण घेतला नाही त्याने. भिंतीकडे तोंड करून बसलाय.

अभिनव : सावकाश. मी लाइनवर आहे.

सुशीलाबाई : चूक एका घराची आहे. पत्रा एका घराला लावा. माझ्या दाराला. चौदा दिवस, आजपासून नव्याने. मी, रामदास, मैत्री, तिघं आत. संडास घरात आहे, पाणी येतं. अडणार काही नाही.

अभिनव : पण तापाची फेरी? ती तुम्हीच करता ना सगळ्या घरांची?

सुशीलाबाई : सोजरबाईला शिकवलंय. अडलं तर फोन करेल.

अभिनव : आणि शकूताई? तुम्ही सोबत असणार असं तुम्ही तिला कबूल केलं होतं. तुम्हीच म्हणालात परवा.

सुशीलाबाई : केलं होतं. ते सोडूनच पत्रा म्हणतेय, हे कळतंय ना तुम्हाला?

अभिनव : कळतंय. रजिस्टरमध्ये काय लिहू?

सुशीलाबाई : जे झालं ते. नाव, वेळ, मोगऱ्यासकट.

*

अभिनव : सहा वाजले. हा पत्रा दाराला बरोबर बसतोय. तुम्ही तिघं मागे सरका.

सुशीलाबाई : सरकलो. ठोका.

अभिनव : ठोकणार नाही. खिळे आणलेले नाहीत.

सुशीलाबाई : विसरलात?

अभिनव : नाही. आज रजिस्टर घेऊन साहेबांच्या पुढ्यात गेलो. सगळं लिहिलेलं वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, तक्रार कोणी केली? मी म्हटलं, आईने. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, दोर राहू दे. पत्रा मात्र लाव, तिने मागितलाय. तेव्हा पत्रा टेकवून ठेवतो, सिस्टर. हाताने ढकलला तरी पडेल.

मैत्री : मग त्याला अर्थ काय, सर?

अभिनव : तो तुमच्या आजीला विचारा. मी रस्तेवाला माणूस.

सुशीलाबाई : टेकवा. जरा तिरका, नाहीतर वाऱ्याने पडेल. आणि अहो अभिनव, दुपारपासून गल्लीत सगळे गप्प का आहेत?

अभिनव : गप्प नाहीत. दारादारात उभे आहेत. सोजरबाईंची सून दोराच्या शिफ्टवर नाव घालायला आलीये. म्हणतेय, काकांची जागा रिकामी आहे ना, मी धरते.

*

मैत्री : आजी, उठ, सरांचा फोन. ते म्हणतायत शकूताईला कळा सुरू झाल्या. स्पीकरवर टाकते.

सुशीलाबाई : किती वेळाने येतायत कळा?

अभिनव : सोजरबाई दाराशी उभ्या आहेत, त्या म्हणतात पाच मिनिटांनी. मी दोराबाहेर आहे, इकडेच एका खड्ड्याच्या कामाला आलो होतो. अॅम्ब्युलन्सला मीच सांगितलंय. येतेय, आळंदी रस्त्याला लागली.

सुशीलाबाई : पायी चालवू नका तिला. खुर्चीसकट उचला. चौघांनी. पुढचे दोघं उंच असले पाहिजेत.

अभिनव : उचललं. शिफ्टवरचा उत्तरेश्वर आणि त्याचा भाऊ पुढे आहेत. शकूताई म्हणतायत, सिस्टर कुठे आहेत?

सुशीलाबाई : फोन तिच्याकडे धरा. शकू, मी इथेच आहे गं, पत्र्यामागे. ह्या फटीतून मला तुझी खुर्ची दिसतेय. तोंडाने श्वास सोड. घाई नको करू. तुझ्या मोठ्याच्या वेळी काय सांगितलं होतं? तसंच.

मैत्री : सायरन ऐकू येतोय, आजी.

अभिनव : आली. थेट गल्लीच्या तोंडाशी. दोर वर घ्या रे. घेतला. खुर्ची बाहेर. दोर खाली. चढवलं. सिस्टर, मी घड्याळ लावलं होतं. फोन केल्यापासून नऊ मिनिटं.

सुशीलाबाई : दोर खाली घेतला?

अभिनव : घेतला. कोणी मागे धावलं नाही. तिचा नवरा तेवढा सोबत गेला, परवानगीच्या चिठ्ठीत त्याचं नाव होतं. सासू दोरापाशी उभी आहे, पदर तोंडाला लावून. तिचे पाय मी बघतोय. आतच आहेत.

मैत्री : आजी, तू रडतेयस?

सुशीलाबाई : रडू दे की. चौतीस वर्षांत पहिल्यांदा बाळंतीण माझ्या हाताशिवाय गेली, आणि नीट गेली. रडू नको तर काय करू?

*

अभिनव : सिस्टर, आहात का दाराशी? मी आलोय. चला, पत्रा काढतो.

सुशीलाबाई : किती वाजले?

अभिनव : पाच चाळीस.

सुशीलाबाई : पत्रा चौदा एप्रिलला सहाला लागला होता. आज अठ्ठावीस. सहाला काढायचा.

अभिनव : अहो, वीस मिनिटांनी काय होतंय? साहेबांनीच पाठवलंय. वस्ती तेवीस तारखेलाच मोकळी झाली. एकशे बारा घरं, चौदा दिवस, एकही नवा रुग्ण नाही. आज वॉर्ड ऑफिसात सगळ्या अभियंत्यांना तुमच्या मैत्रीची शीट पडद्यावर लावून दाखवली. उद्यापासून दोन वस्त्यांत पत्र्यांऐवजी दोर लागतोय.

मैत्री : सिरियसली, सर? माझी शीट? त्यात रंगबिंग काही धड केले नव्हते मी.

अभिनव : हिरवे एकशे बारा चौकोन होते. तेवढं पुरलं.

सुशीलाबाई : दोर कुठला लावणार त्या वस्त्यांत?

अभिनव : बाजारातून नवा आणलाय.

सुशीलाबाई : बाजारातला नको. त्यांच्याकडे काहीतरी असेल, गणपतीतला, उरुसातला, क्रिकेटच्या मैदानाचा. तो मागा. विकतच्या दोराची कोणाला भीड वाटणार?

अभिनव : लिहून घेतो. सोनबाकाका भेटले आत्ता. हॉस्पिटलातून आल्यापासून रोज संध्याकाळी तुमच्या दारासमोर येऊन उभे राहतात म्हणे.

सुशीलाबाई : उभा राहतो आणि खोकतो. मुद्दाम. मी आतून विचारते, झेंडा लावलास का. तो म्हणतो, लावलाय सिस्टर, आता काही लपवत नाही.

मैत्री : आणि सर, शकूताईच्या मुलीचं नाव ठरलं. अपेक्षा. मी सजेस्ट केलं होतं. आजीला व्हिडिओवर दाखवली, आजी म्हणते कान बापाचे आहेत.

अभिनव : रामदासकाका कसे आहेत?

सुशीलाबाई : चौदा दिवसांत चौदा वाक्यं बोलला असेल. मोगऱ्याला पाणी मात्र रोज घालतो. काल पहिली कळी आली. मला म्हणाला, आई, तूच तोड. मी म्हटलं, राहू दे झाडावर, तू बाहेर पडशील तेव्हा घेऊन जा. आता रीतसर जा, उजेडी जा.

अभिनव : एक विचारायचं होतं. पत्रा वाऱ्याने पडला नाही एवढ्या दिवसांत? परवा वळवाचा वारा सुटला होता. मी वारज्यात खोलीवर होतो, झोप नव्हती मला.

मैत्री : दोनदा पडला, सर. दोन्ही वेळा पप्पांनी आतून हात घालून परत उभा केला.

अभिनव : आतून?

मैत्री : उंबऱ्याच्या आत पाय ठेवून. आजी बॅटरी धरून बघत होती, बोटं बाहेर जातायत का.

सुशीलाबाई : बघायला नको? सवय आहे त्याला बाहेर जायची.

(पत्रा धाडकन खाली पडतो.)

अभिनव : हे बघा. मी हात पण लावला नाही. सिस्टर, किती दिवसांनी दिसलात. रामदासकाका, जय भीम. आता पडलाच आहे, तर या बाहेर. सगळी गल्ली वाट बघतेय, हार आणलेत लोकांनी.

सुशीलाबाई : किती वाजले?

अभिनव : पाच एकोणपन्नास.

सुशीलाबाई : रामदास, उंबऱ्याच्या आत राहा.

मैत्री : पप्पा आतच आहेत, आजी. ते हललेच नाहीत.

अभिनव : ...बरं. मी उभा करतो. काका, एकट्याने नाही तोलणार, वाकडा झालाय तो. वरचं टोक तुम्ही आतून धरा. मी बाहेरून धरतो.

सुशीलाबाई : धरा नीट दोघांनी. अकराच मिनिटं आहेत.